दुप्पट धावा बंद करा, पण सूट बंद करू नका

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

येत्या 26 जानेवारीच्या मॅचवरून आपल्या ग्रुपवर जे चाललंय ते सगळ्यांनी वाचलंय. कमिटीचा प्रस्ताव असा: महिलांच्या धावा दुप्पट, साठीपुढच्यांच्या धावा दुप्पट, दोघांनाही बॉलिंग खालून, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना पहिली विकेट माफ. यावर आपल्या तरुण मंडळींचं उत्तर असं: सूट-बिट काही नको, खेळ म्हणजे खेळ, ज्याच्यात दम असेल तो जिंकेल. मग कुणीतरी हात जोडलेले टाकले, कुणीतरी 'जवा दो ने यार' लिहिलं, आणि विषय तिथंच लोंबकळतोय.

मी जवा देणार नाही. गेली अकरा वर्षं या मॅचचा स्कोअर मी लिहितोय. वही माझ्याकडे आहे. त्या वहीच्या जोरावर सांगतो, दोन्ही प्रस्ताव ही मॅच मारणार आहेत. कमिटीचा हळूहळू मारेल, तरुणांचा दोन वर्षांत.

आधी परिस्थिती काय आहे ती बघा, कारण बाहेरगावच्या वाचकांना माहीत नसेल. आपले चार संघ राहत्या भागावरून पडलेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, आणि चौथा 'नदीपलीकडचे'. चौथा म्हणजे जे विश्वामित्री ओलांडून अलकापुरी, गोत्री, वासणा रोडकडे राहायला गेले ते. पंचवीस वर्षांपूर्वी हा संघ कसाबसा भरायचा. आता सगळी तरणी पोरं तिकडंच, आणि जुन्या गावातल्या वाड्यांत उरलेत आई-बाप. त्यांची मुलं पुण्यात, बेंगळुरूत, कॅनडात. मागच्या वर्षी वाडीचा संघ आठाऐवजी सात जणांत उतरला. सातवे होते एक आजोबा, गुडघ्याला पट्टा लावून. नदीपलीकडच्यांनी तो सामना किती धावांनी जिंकला ते इथं लिहीत नाही, वहीत आहे. पण आठपैकी पाच ओव्हर झाल्यावर वाडीच्या बायका सेव-उसळीच्या लायनीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मॅच चालू असताना. त्यांना बोल लावायचा का? मी तरी नाही लावणार.

हे का महत्त्वाचं ते उघड आहे. गणपतीला दर्शन घेऊन माणसं घरी जातात. नाट्यवाचनाला तीच वीस डोकी. चारही भागांतली माणसं, आजीपासून नातवापर्यंत, पाच-सहा तास एकत्र असतात आणि एकमेकांशी मराठीत भांडतात असा वर्षातला दिवस एकच आहे. वाडीचा संघ पुढच्या वर्षी आला नाही तर तो परत येणार नाही.

आता दुप्पट धावांकडे येऊ. हिशोब साधा आहे, पण कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. शून्याची दुप्पट शून्यच. ज्या काकूंनी आयुष्यात बॅट धरली नाही, त्यांना दुप्पट देऊन काय मिळतं? काहीच नाही. मिळतं कुणाला? जिला आधीच खेळता येतं तिला. माझी पुतणी कॉलेजच्या टीममध्ये खेळलेली आहे, तिचा कव्हर ड्राइव्ह आपल्या निम्म्या पुरुषांपेक्षा सुरेख आहे. तिच्या चौकाराचे आठ. आणि तिचा नवरा, ज्यानं क्रिकेट फक्त टीव्हीवर बघितलंय, त्याची एक धाव म्हणजे एकच. हा न्याय? मग कॅप्टन काय करणार? तिला ओपनिंगला पाठवणार, सगळे बॉल तिलाच खेळायला लावणार, आणि समोर उभ्या काकूंना सांगणार, 'काकू, तुम्ही फक्त उभ्या राहा, पळायचं म्हटलं की पळा.' 2019 मध्ये हेच केलं होतं आपण, एक वर्ष. त्या काकू दोन ओव्हर उभ्या राहिल्या, एकही बॉल खेळल्या नाहीत. सूट त्यांच्या नावानं होती.

गुणाकारानं द्यायची सूट जो आधीच वर आहे त्यालाच आणखी वर नेते. दुसरी खोट अशी की ही सूट बाई आहे की पुरुष, वय किती, हे बघते. खेळता किती येतं हे बघतच नाही. आपल्यात एकसष्टीचे एक जण आहेत ते अजून यॉर्कर टाकतात. त्यांना खालून बॉलिंग करणार? त्यांच्यासमोर जाऊन सांगा, मी लांबून बघतो.

पहिली विकेट माफ, हे तर कच्चा लिंबूच. आपण सगळे कधी ना कधी कच्चा लिंबू होतो, मला दांडिया बाजारच्या वाड्यातलं आठवतंय. मोठी पोरं आट्यापाट्या, लंगडी, लपंडाव खेळायची आणि शेंबडं कुणी हट्ट धरून रडायला लागलं की 'घे रे त्याला, कच्चा लिंबू' म्हणायची. पकडलं तरी राज्य येणार नाही. चार वर्षांचं पोर खूश व्हायचं. पण सात वर्षांचं? त्याला कळलेलं असायचं की आपण आउट होत नाही म्हणजे आपण खेळतच नाही. आमच्यातला एक जण मुद्दाम पकडला जायचा आणि 'मी आउट, मी आउट' म्हणून ओरडायचा, राज्य द्या म्हणून भांडायचा. जो आउट होऊ शकत नाही त्याच्या धावेलाही किंमत राहत नाही, हे त्या पोराला कळत होतं आणि आपल्या कमिटीला कळत नाही.

त्याच वाड्यातली दुसरी पद्धत मात्र मला आजही कुठल्याही नियमावलीपेक्षा हुशार वाटते. गडी वाटायचे असले की दोन नायक ओट्यावर बसायचे. बाकीच्यांनी आपापली जोडी करायची, बरोबरीच्या भिडूशी. हे बरोबरीचं कोण ठरवायचं? पोरंच. धावण्यात कोण कुणाच्या तोडीचं हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. मग जोडीनं लांब जाऊन गुपचूप नावं ठेवायची, एक चंद्र, एक सूर्य, आणि गळ्यात हात टाकून यायचं: 'कोण घेतो चंद्र, कोण घेतो सूर्य?' नायकाला माहीत नाही कोण कोणता. दोन्हीकडे एकेक बरोबरीचा भिडू गेला, आणि शेवटपर्यंत कुणी निवडायचा उरला असं झालं नाही. सगळ्यांत शेवटी उरणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला या पद्धतीची किंमत कळेल.

उलट शाळेत सर दोन कॅप्टन उभे करायचे आणि आळीपाळीनं निवडायला लावायचे. आळीपाळी म्हणजे न्याय असं सगळ्यांना वाटतं. नाही. आठ खेळाडू, सगळ्यांत चांगला पहिला, सगळ्यांत कच्चा आठवा असं धरा. पहिल्या कॅप्टनला मिळतात 1, 3, 5, 7, बेरीज सोळा. दुसऱ्याला 2, 4, 6, 8, बेरीज वीस. दर वेळी पहिला कॅप्टन थोडा थोडा पुढे सरकतो. तेच पहिल्यानं एक घेतला, दुसऱ्यानं दोन, मग पहिल्यानं दोन, दुसऱ्यानं दोन, आणि शेवटचा पहिल्याला, असं केलं तर 1, 4, 5, 8 आणि 2, 3, 6, 7. अठरा-अठरा. पण आपल्याला हे दोन्ही मार्ग बंद आहेत, कारण आपले संघ भागावरून आहेत आणि ते तसेच राहावेत असं मला वाटतं. रावपुऱ्याच्या माणसाला दांडिया बाजारकडून खेळवून बघा, काय होतं ते!

मग संघ तेच, ताकद असमान, आणि मॅच बरोबरीची. हे जमतं का? जमतं. जगात जमवलेलं आहे.

पोलो घ्या. राजेरजवाड्यांचा खेळ म्हणून आपण सोडून देतो, पण त्यातली सूट बघण्यासारखी आहे. प्रत्येक खेळाडूला उणे दोनपासून दहापर्यंत अंक असतो. चौघांची बेरीज करायची, दोन संघांतला फरक काढायचा, आणि सामना किती चक्करचा आहे त्या प्रमाणात तेवढे गोल कमजोर संघाच्या नावावर आधीच लावून ठेवायचे. मैदानात उतरल्यावर सगळ्यांना एकच नियम. कुणाला हळू चेंडू नाही, कुणाचा गोल दुप्पट नाही. सूट फळ्यावर, अंगावर नाही.

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये आणखी वेगळं. प्रत्येक खेळाडूला शरीराची किती हालचाल होते त्यावरून 1 ते 4.5 अंक देतात आणि मैदानातल्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळं जास्त अडचण असलेला खेळाडू संघाला हवाच असतो, त्याच्याशिवाय गणित बसत नाही. त्याला दया म्हणून घेत नाहीत, गरज म्हणून घेतात. हा फरक कमिटीनं चार वेळा वाचावा.

आणि लांब कशाला जायचं? आपली कबड्डी. हुतूतूला नियमांत बसवण्यात या गावाचा हात आहे, हिंद विजय जिमखान्यानं 1923 साली इथं अखिल भारतीय सामने भरवले होते. आजच्या कबड्डीत तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेल्या संघानं चढाई करणारा पकडला तर एक गुण जास्त, सुपर टॅकल. बोनस रेषेचा गुण समोर सहा-सात जण उभे असतील तरच. म्हणजे जो संघ खाली आलाय त्याच्या मदतीला नियमच धावतो, आणि नियम दोघांनाही सारखा. याला कुणी भीक म्हणतं का?

तर माझा प्रस्ताव. दोन भाग आहेत.

पहिला भाग खेळाचा. ऑस्ट्रेलियात इनडोअर क्रिकेट खेळतात, आठ-आठ जणांचं. त्यात जोडीनं बॅटिंग असते, प्रत्येक जोडीला ठरलेल्या चार ओव्हर. आउट झालं तरी बाहेर जायचं नाही, संघाच्या पाच धावा वजा होतात आणि खेळ पुढे. प्रत्येकानं दोन ओव्हर टाकायच्याच. आपण हेच अर्ध्यावर आणू. आठ ओव्हर, चार जोड्या, प्रत्येक जोडीला दोन ओव्हर, प्रत्येकाला एक ओव्हर टाकायची सक्ती, विकेट गेली की तीन धावा वजा. आता बघा काय होतं. पहिल्याच बॉलवर दांडी उडालेलं पोर घरी जात नाही, त्याला पुढचे अकरा बॉल जोडीदाराबरोबर खेळायला मिळतात. पण आउट झाल्याची किंमत लागलीच, म्हणजे तो खरा खेळाडू, लिंबू नाही. ज्या काकूंना फटका मारता येत नाही पण बॉल अडवता येतो, त्या दोन ओव्हर आउट न होता उभ्या राहिल्या तर संघाच्या सहा-नऊ धावा वाचल्या. ते फळ्यावर दिसणार. आणि माझी पुतणी कितीही छान खेळली तरी दोनच ओव्हर. बॉलिंग वरून टाकायची की खालून हे ज्याचं त्यानं ठरवावं, टाकणाऱ्यानं. टेनिस बॉल आहे, कुणी मरत नाही.

दुसरा भाग हिशोबाचा. प्रत्येक संघाचे मागचे चार सामने घ्यायचे. केलेल्या धावांतून दिलेल्या धावा वजा. चारातला सगळ्यांत वाईट सामना सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची सरासरी. समजा एका संघाचे आकडे अधिक वीस, अधिक चौदा, अधिक आठ आणि उणे सहा. उणे सहा सोडला, सरासरी चौदा. दुसऱ्याचे उणे चार, उणे नऊ, उणे अकरा आणि उणे पंचवीस. पंचवीसवाला सोडला, सरासरी उणे आठ. दोघांत फरक बावीस. त्याचं अर्धं, अकरा. टॉसच्या आधी दुसऱ्या संघाच्या नावापुढं फळ्यावर 11 लिहायचे आणि सुरू करायचं. पंधरापेक्षा जास्त कधीच द्यायचे नाहीत.

वाईट सामना का सोडायचा? कारण आपल्यात हुशार लोक आहेत. यंदा मुद्दाम हरू, पुढच्या वर्षी धावा घेऊ, असा विचार करणारे मला दोन तरी ठाऊक आहेत आणि दोघेही ही पोस्ट वाचतायत. गोल्फमध्ये हीच भानगड असते, म्हणून तिथं शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सगळ्यांत चांगल्या आठ धरतात. वाईट खेळून सूट वाढत नाही.

अर्धंच का? इथं तरुण मंडळींचं म्हणणं मी ऐकलंय, आणि त्यात तथ्य आहे. पूर्ण फरक भरून दिला तर प्रत्येक सामना नाणेफेक होईल. जो संघ डिसेंबरभर सकाळी उठून सराव करतो त्यानं जास्त वेळा जिंकलंच पाहिजे. अर्ध्या सुटीत तो जास्त वेळा जिंकेल, फक्त पाचव्या ओव्हरमध्ये जिंकणार नाही. मला बस एवढंच हवंय. कप कुणी नेला हे मी वहीत पहिल्या पानावर लिहितो, पण मॅच चांगली झाली का हे मी दुसऱ्या एका खुणेवरून ओळखतो. शेवटच्या ओव्हरला लोक उभे होते की उसळीच्या लायनीत.

'मुलांना हरायला शिकू द्या' असंही एकानं लिहिलंय. भाऊ, हरायला शिकायचं तर जिंकण्याची शक्यता असावी लागते. तीन वर्षं तेच पोर त्याच संघाकडून पाचव्या ओव्हरला हरतं, तेव्हा ते एकच शिकतं, की 26 जानेवारीला सकाळी झोपायचं. आणि ज्यांना बिनसुटीचं क्रिकेट हवंय त्यांच्यासाठी या गावाचा इतिहास आहेच की. 1946-47 ची रणजी फायनल, बडोदा विरुद्ध होळकर. हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटला 577 धावा, आणि बडोदा एक डाव 409 धावांनी विजयी. इंदूरकरांना कुणी सूट दिली नाही, द्यायचीही नव्हती. ते रणजीसाठी होतं. पण होळकरांचा संघ दुसऱ्या दिवशी आपल्यातल्याच कुणाची मावशी, कुणाचा साडू होऊन भेटणार नव्हता. (इंदूरच्या काही घरांत बडोद्याच्या मुली दिल्यात, म्हणून कदाचित भेटलाही असेल. ते असो.)

शेवटचा प्रस्ताव, 'बहिणींची वेगळी मॅच ठेवू'. हा सगळ्यांत गोड शब्दांत आलाय आणि सगळ्यांत वाईट आहे. वेगळी मॅच म्हणजे सकाळी आठला, मांडव बांधत असताना, कुणी बघायला नाही. चार भागांतून आठ-आठ बायका जमणार नाहीत हे प्रस्ताव मांडणाऱ्यालाही ठाऊक आहे. पहिल्या वर्षी दोन संघ, दुसऱ्या वर्षी संगीत खुर्ची.

हिशोब कोण करणार, असं विचारू नका. मी करणार. अकरा वर्षांच्या वह्या घरात आहेत, पण 2016 ची पावसात भिजली, तिची अर्धी पानं चिकटलीत. रविवारी साडेपाचला हॉलवर मीटिंग आहे, तिथं चारही संघांचे आकडे मी फळ्यावर मांडून दाखवतो, आणि कुणाचा हिशोब चुकलाय वाटत असेल त्यानं तिथंच बोलावं, ग्रुपवर नाही. कॅप्टनांनी यावं. प्रत्येक संघातून एक तरी बाई यावी, जी खेळते ती, जी चहा करते ती नाही. आणि रावपुऱ्याच्या जुन्या कॅप्टनकडं 2016 चा स्कोअर स्वतःच्या डायरीत लिहिलेला होता असं आठवतं. ती डायरी माळ्यावर असेल तर काढून आणा.